निरोपाच्या भाषणाआधी चार्ज यादी ठेवा : पीठासीन अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अखिल भारतीय पीठासीन अधिकारी परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य, म्हणजेच संसदेच्या आणि राज्य विधिमंडळांच्या सभागृहांचे अध्यक्ष, सभापती, उपाध्यक्ष व उपसभापती यांस,

सविनय नमस्कार.

मी निवृत्त प्रतिवेदक आहे. अध्यक्षांच्या आसनाखाली बसून सभागृहात उच्चारला गेलेला प्रत्येक शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायचा, पाळी संपली की वही छातीशी धरून शाखेत धावायचे आणि पुढची पाळी येण्याच्या आत त्याचा स्वच्छ मजकूर तयार करायचा, हे काम मी एका विधिमंडळ सचिवालयात एकतीस वर्षे केले. अधिवेशनांच्या समारोपाची आणि पीठासीन अधिकाऱ्यांच्या निरोपाची किती भाषणे या काळात माझ्या पेन्सिलीखालून गेली याची मोजदाद मी ठेवलेली नाही. पण त्या भाषणांसाठी आमच्यापैकी बहुतेकांनी स्वतःची खास चिन्हे करून ठेवली होती, हे मात्र सांगतो. ‘सर्व सन्माननीय सदस्यांनी दिलेल्या सहकार्याबद्दल मी त्यांचा मनःपूर्वक आभारी आहे’ या अख्ख्या वाक्याला माझ्या वहीत एक वळसा आणि एक टिंब पुरत असे. जे वाक्य दर वेळी तसेच्या तसे येणार याची खात्री असते, त्यालाच असे चिन्ह मिळते.

हे पत्र लिहिण्याला दोन निरोप कारण झाले. त्यांपैकी एक झाला आणि एक झालाच नाही. १० फेब्रुवारी २०२४ रोजी सतराव्या लोकसभेची शेवटची बैठक झाली. अध्यक्षांनी सर्व पक्षांचे आभार मानले, पाच वर्षांच्या कामाचे आकडे सांगितले आणि सभागृहाची उत्पादकता ९७ टक्के राहिल्याचे नमूद केले. त्यानंतर २१ जुलै २०२५ रोजी, पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी रात्री, राज्यसभेच्या सभापतींनी प्रकृतीचे कारण देऊन उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला आणि ते पुन्हा सभागृहात आलेच नाहीत. ना त्यांनी निरोपाचे भाषण केले, ना सभागृहाने त्यांना निरोप दिला. दोन्ही प्रसंग मी घरी बसून एक प्रेक्षक म्हणून पाहिले आणि दोन्ही मला खटकले. कारण एकच आहे, आणि ते सांगण्यासाठी मला माझ्या स्वतःच्या निवृत्तीच्या दिवसाकडे जावे लागेल.

सरकारी नोकरीत माणूस बदलून जातो किंवा निवृत्त होतो तेव्हा तो आधी चार्ज देतो आणि मग हार घेतो. तलाठी असो, मुख्याध्यापक असो की भांडारपाल असो, कपाटाच्या किल्ल्या, रोख शिल्लक, प्रलंबित प्रकरणांची यादी आणि डेडस्टॉक रजिस्टरमधल्या खुर्च्या-टेबले हे सगळे मोजून, देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने सह्या केल्याशिवाय त्याची सुटका होत नाही. माझे ग्रंथालयाचे ना-देय प्रमाणपत्र अडले होते, कारण अकरा वर्षांपूर्वी माझ्या नावावर दिलेला शब्दकोशाचा एक खंड परत आल्याची नोंद सापडत नव्हती. खंड शाखेतच होता. एका टेबलाचा पाय आखूड होता म्हणून कोणीतरी तो त्याखाली सरकवला होता. तो काढला, धूळ पुसली, जमा केला, पावती घेतली, तेव्हा कुठे मला शाल-श्रीफळ मिळाले. मला त्याचा राग आला नाही, आजही येत नाही. पण त्या दिवसापासून मनात एक प्रश्न आहे. शब्दकोशाच्या एका खंडासाठी प्रतिवेदकाला थांबवून ठेवणाऱ्या याच व्यवस्थेत सभागृहाचे नियम, सदस्यांचे हक्क, पक्षांतराचे खटले आणि राज्यघटनेने निर्माण केलेले आसन ज्यांच्या ताब्यात असते, ते जाताना कोणती यादी देऊन जातात? मला आजवर एकही दिसलेली नाही. त्यांचे निरोपाचे भाषण हीच त्यांची चार्ज यादी, आणि तिच्यात फक्त आभार असतात.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडतो. पहिली उपाध्यक्षपदाची आहे, आणि ती जरा सविस्तर सांगणे भाग आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ९३ नुसार लोकसभेने शक्य तितक्या लवकर आपल्या दोन सदस्यांची अध्यक्ष आणि उपाध्यक्ष म्हणून निवड करायची असते. विधानसभांसाठी हीच तरतूद अनुच्छेद १७८ मध्ये आहे. सतराव्या लोकसभेने २०१९ ते २०२४ या संपूर्ण कार्यकाळात उपाध्यक्ष निवडलाच नाही, आणि असे त्यापूर्वी कोणत्याही लोकसभेत घडलेले नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकसभेतील आणि पाच राज्यांच्या विधानसभांतील रिक्त उपाध्यक्षपदांबाबत नोटीस काढली, तरी पद रिकामेच राहिले. अठराव्या लोकसभेची पहिली बैठक २४ जून २०२४ रोजी झाली. तिला वर्ष उलटले तेव्हाही निवड झालेली नव्हती. अध्यक्षांच्या गैरहजेरीत काम पाहण्यासाठी नेमलेले, म्हणजे तालिकेवरील, सदस्य आसनावर बसतात आणि कामकाज चालते, मग बिघडते काय, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे : अनुच्छेद ९४ प्रमाणे अध्यक्षांना राजीनामा द्यायचा असेल तर तो उपाध्यक्षांना उद्देशून लिहावा लागतो. उपाध्यक्षच नसेल तर पाकिटावर नाव कोणाचे घालायचे? ही कल्पनेतली अडचण नाही. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे तत्कालीन अध्यक्ष नाना पटोले यांनी राजीनामा दिला तो उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडेच, कारण पद भरलेले होते. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ही दोन पदे घटनाकारांनी अशी एकमेकांत गुंतवली की एकाला जायचे असेल तर दुसरा जागेवर हवा. चार्ज घेणारा असल्याशिवाय चार्ज देता येत नाही, ही साधी कार्यालयीन गोष्ट त्यांना ठाऊक होती.

पटोले यांच्यानंतर महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्षपद ३ जुलै २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सतरा महिने, रिकामे होते. त्याच राज्याच्या विधान परिषदेचे सभापतिपद जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत रिकामे होते. पहिली रिकामी खुर्ची एका आघाडीच्या सरकारच्या काळातली, दुसरी तिच्या विरोधकांच्या सरकारच्या काळातली आहे. तेव्हा माझ्या पत्राला कोणत्या पक्षाचा वास येतो हे शोधण्यात कृपया वेळ घालवू नये. उपाध्यक्षपद विरोधी बाजूला देण्याचा पायंडाही आपल्याकडे होता : १९९९ ते २००४ मध्ये काँग्रेसचे पी. एम. सईद, २००४ ते २००९ मध्ये अकाली दलाचे चरणजितसिंग अटवाल, २००९ ते २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाचे करिया मुंडा हे तिघेही सत्ताधारी आघाडीच्या बाहेरचे होते. तो पायंडा मोडला, याबद्दल कोणत्याही निरोपाच्या भाषणात एक वाक्यही आलेले मी ऐकलेले नाही.

याच विषयावरची माझ्या वहीतली एक नोंद सांगतो. सभागृह कोणते आणि साल कोणते हे सांगणार नाही, कारण त्यातल्या कोणालाही दुखवण्याची इच्छा नाही. समारोपाच्या भाषणात पीठासीन अधिकारी कार्यालयाने दिलेल्या टिपणावरून वाचत होते. टिपण जुनेच होते, तारखा बदललेल्या. वाचता वाचता त्यांनी ‘माननीय उपाध्यक्षांनी वेळोवेळी केलेल्या साह्याबद्दल’ त्यांचेही आभार मानले. पद त्या वेळी रिकामे होते. बाकांवर कोणी हसले नाही, कोणी हरकतीचा मुद्दा उपस्थित केला नाही. कोणाच्या लक्षातच आले नाही. पाळी माझी होती. मी वाक्य उतरवले आणि शाखेत आल्यावर वरिष्ठांना विचारले की हे ठेवायचे की काढायचे. ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘बोलले ना ते? मग ठेवा.’ संध्याकाळी वरून चिठ्ठी आली आणि वाक्य वगळले गेले. छापील वृत्तांतात तो परिच्छेद आता विधिमंडळाच्या सचिवांच्या आभारांवरून थेट वार्ताहरांच्या आभारांवर जातो. मधला सांधा मला एकट्याला दिसतो.

दुसरी तक्रार टक्केवारीची. उत्पादकता हा शब्द कारखान्यातला आहे, आणि तो आपल्या समारोपाच्या भाषणांत येऊन बसल्यापासून इतर सगळे हिशेब मागे पडले आहेत. ही टक्केवारी म्हणजे ठरवलेल्या तासांपैकी प्रत्यक्षात किती तास काम झाले याचे गुणोत्तर. मुळात तासच कमी ठरवले तर टक्केवारी आपोआप वाढते. वीस दिवसांचे अधिवेशन बारा दिवसांवर आणले आणि बाराही दिवस सभागृह रात्रीपर्यंत बसवले तर ती शंभराच्याही वर जाते, आणि मग अध्यक्ष तो आकडा अभिमानाने वाचून दाखवतात. सतराव्या लोकसभेच्या ९७ टक्क्यांमागे पाच वर्षांत २७४ बैठका होत्या. पहिल्या लोकसभेच्या, म्हणजे १९५२ ते १९५७ या काळातल्या बैठका ६७७ भरतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ९७ चे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्या विधेयकांसाठी हे तास खर्च झाले त्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या नोंदींप्रमाणे पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके तपासणीसाठी समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. आम्ही प्रतिवेदक हे पानांच्या जाडीवरून ओळखतो. ज्या विधेयकाचा वृत्तांत एकाच पाळीत मावतो, त्यावर चर्चा झाली असे म्हणणे मला तरी जमत नाही.

तिसरी तक्रार अपात्रतेच्या अर्जांची आहे आणि माझ्या मते ती सर्वांत गंभीर आहे, कारण येथे पीठासीन अधिकारी न्यायाधीशाच्या भूमिकेत असतात. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षांतर करणाऱ्या सदस्याच्या पात्रतेचा निर्णय आपल्या हाती दिला गेला. किती दिवसांत द्यायचा हे मात्र तिने लिहिले नाही, आणि त्या मोकळ्या जागेत किती अर्ज पडून राहिले याची यादी कोणत्याही सभागृहाच्या पटलावर आलेली नाही. २१ जानेवारी २०२० रोजी मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत योग्य मानली. महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये उद्भवलेल्या वादातील पहिला निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी लागला, तोही न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. ३१ जुलै २०२५ रोजी तेलंगणाच्या विधानसभाध्यक्षांना पुन्हा तीन महिन्यांचीच मुदत द्यावी लागली. त्या निर्णयांचा गुणदोष हा या पत्राचा विषय नाही. विषय असा आहे की सभागृहाची मुदत संपली की उरलेल्या अर्जांत काही अर्थ राहत नाही. ज्याच्याविरुद्ध अर्ज होता तो पाच वर्षे बसून, भत्ता घेऊन, निरोपाच्या छायाचित्रात उभा राहून घरी जातो. त्या छायाचित्राच्या दिवशी जे अध्यक्ष ‘मी सर्वांना न्याय देण्याचा प्रयत्न केला’ असे म्हणतात, त्यांच्या दप्तरात किती अर्ज न उघडता पडले आहेत हे सभागृहाला त्याच दिवशी कळले पाहिजे.

चौथी तक्रार थोडक्यात. डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले, त्यांतले १०० लोकसभेचे होते. आणि ते बाहेर असतानाच २० व २१ डिसेंबरला फौजदारी कायद्यांची तीन नवी विधेयके मंजूर झाली. महाराष्ट्रात ५ जुलै २०२१ रोजी बारा आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले गेले. आसनावर तालिका अध्यक्ष होते, अध्यक्षपद तेव्हा रिकामेच होते, आणि २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई घटनाबाह्य ठरवली. गोंधळ घालणाऱ्यांची मी बाजू घेत नाही. वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून आमच्या टेबलावर हात आपटणाऱ्यांमुळे किती शब्द कानावर न पडता गेले हे मला ठाऊक आहे, आणि फाडलेल्या कागदांचे तुकडे मी स्वतः वहीवरून झटकलेले आहेत. फेब्रुवारी २००९ मध्ये अध्यक्ष सोमनाथ चॅटर्जी यांनी वैतागून अशा सदस्यांना तुम्ही निवडणुकीत पराभूत व्हावे असे ऐकवले होते, तेव्हा मला मनातून बरे वाटले होते हेही कबूल करतो. पण ज्यांना बाहेर काढले त्यांचे शेवटच्या दिवशी ‘सहकार्याबद्दल’ आभार मानायचे आणि त्यांना बाहेर काढल्याचा उल्लेखही करायचा नाही, हे खोटे आहे. त्यापेक्षा चॅटर्जींचा राग खरा होता.

पाचवी तक्रार न झालेल्या निरोपाची. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर २७ फेब्रुवारी १९५६ रोजी पदावर असतानाच गेले, जी. एम. सी. बालयोगी ३ मार्च २००२ रोजी हेलिकॉप्टर अपघातात गेले. सभागृहाने दोघांनाही श्रद्धांजली वाहिली, त्यांच्या कामाची नोंद वृत्तांतात आहे. राजीनामा देऊन गेलेल्या सभापतींची मात्र अधिसूचना निघते, आणि वृत्तांतात त्यांच्या जाण्याची जागा कोरी राहते. राज्यसभेच्या ज्या सभापतींना हटवण्याची नोटीस विरोधकांनी डिसेंबर २०२४ मध्ये दिली होती, त्यांना निरोप देण्याची संधी सभागृहाला मिळाली नाही ही खंत नव्या सभापतींच्या स्वागताच्या वेळी बोलून दाखवली ती विरोधी पक्षनेत्यांनी. ज्यांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला त्यांनीच निरोपाची आठवण काढावी आणि ज्यांनी त्यांना निवडून आणले त्यांनी ती काढू नये, हे मला सभागृहाच्या दृष्टीने फार वाईट वाटले. एखादी व्यक्ती आवडती असो की नावडती, आसन सोडताना तिला सभागृहासमोर दोन शब्द बोलता आले पाहिजेत, आणि सभागृहालाही तिच्या कारकिर्दीबद्दल बरे-वाईट बोलता आले पाहिजे.

कर्मचाऱ्यांबद्दल एवढेच लिहितो की ‘सर्व अधिकारी व कर्मचारी’ या चार शब्दांनाही माझ्या वहीत एक चिन्ह होते. माझ्या शेजारी एकोणतीस वर्षे बसलेला सहकारी ज्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी निवृत्त झाला, त्या दिवशीच्या भाषणात त्याच्या वाट्याला तेच चिन्ह आले, आणि ते त्यानेच उतरवले, कारण पाळी त्याची होती. कंत्राटावर काम करणाऱ्या सफाई कामगारांना तर ते चिन्हही लागू होते की नाही हे मला कधी कळले नाही.

या सगळ्यावर एक उत्तर येईल याची मला कल्पना आहे. निरोप हा भावनेचा क्षण आहे, त्या दिवशी कटुता विसरायची असते, तेव्हा तेथे हिशेबाची वही कशाला उघडायची, असे ते उत्तर असेल. मला ते अर्धे मान्य आहे. हार, गुच्छ, एकमेकांच्या खोड्या काढणे, शेवटच्या बाकावरच्या सदस्याने म्हटलेली चारोळी हे सगळे राहावे. पाच वर्षे भांडलेली माणसे त्या एका तासात हसतात तेव्हा आम्हालाही पेन्सिल थांबवून हसावेसे वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की चार्ज आधी द्यावा. शिवाय एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते : अनुच्छेद ९४ च्या परंतुकाप्रमाणे लोकसभा विसर्जित झाली तरी अध्यक्षांचे पद जात नाही, ते नव्या लोकसभेच्या पहिल्या बैठकीच्या अगदी आधीपर्यंत टिकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये निरोपाचे भाषण झाले आणि नवी लोकसभा २४ जूनला भरली. म्हणजे निरोप घेतल्यावरही साडेचार महिने अध्यक्ष अध्यक्षच होते. हिशेब तयार करायला वेळ मिळत नाही, हे कारण म्हणून पुढे करता येणार नाही.

आणि ही परंपरा काही बाहेरून आणायची नाही. मावळंकर मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराण्यातले, कर्मभूमी अहमदाबाद. अध्यादेशांचा वापर वाढतो आहे, संसदेला डावलले जाते आहे, हे त्यांनी आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानांना पत्र लिहून कळवले होते. सरकारने सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती त्यांच्याच काळात, १९५३ मध्ये सुरू झाली. म्हणजे मंत्र्यांच्या शब्दांचा हिशेब ठेवण्याची सोय करणारे पहिले अध्यक्ष तेच. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आला, त्यावर चर्चा झाली, तो फेटाळला गेला आणि ते काम करत राहिले. नीलम संजीव रेड्डी १९६७ मध्ये अध्यक्ष झाल्यावर पक्षातून बाहेर पडले. वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखाली पीठासीन अधिकाऱ्यांच्याच समितीने अध्यक्षांच्या तटस्थतेचा विचार केला होता. रोजगार हमी योजनेमुळे पागे सर्वांना माहीत आहेत, विधान परिषदेचे सभापती म्हणून केलेले त्यांचे हे काम मात्र आता फारसे कोणाला आठवत नाही. मंत्र्यांचा हिशेब सभागृह ठेवते, मग सभागृह चालवणाऱ्यांचा हिशेब कोणी ठेवायचा?

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. त्यांतल्या कोणत्याही मागणीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही. सभागृहाचे नियम किंवा अध्यक्षांचे निदेश पुरेसे आहेत.

एक, प्रत्येक सभागृहाच्या शेवटच्या अधिवेशनात, निरोपाची भाषणे सुरू होण्यापूर्वी, पीठासीन अधिकाऱ्यांनी आपल्या सहीने एक लेखी चार्ज यादी पटलावर ठेवावी. तीत वर्षनिहाय बैठकांची संख्या, प्रत्येक विधेयकावर झालेल्या चर्चेची मिनिटे, ते समितीकडे गेले होते की नाही, मतविभाजन मागितले गेले होते का आणि दिले गेले का, निलंबित सदस्यांची नावे व कालावधी, तसेच मंत्र्यांनी दिलेली पण अपूर्ण राहिलेली आश्वासने असावीत. उत्पादकतेची टक्केवारी द्यायचीच असेल तर तिच्या शेजारी बैठकांचा आकडा त्याच आकाराच्या अक्षरांत द्यावा.

दोन, अपात्रतेचे सर्व अर्ज दाखल झाल्यापासून तीन महिन्यांत निकाली काढावेत, आणि जो अर्ज निकाली निघाला नसेल तो का निघाला नाही हे त्या यादीत कारणासह लिहावे.

तीन, नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीपासून साठ दिवसांच्या आत उपाध्यक्षांची निवड व्हावी असा नियम प्रत्येक सभागृहाने करावा, आणि ती न झाल्यास अध्यक्षांनी त्याची कारणे त्या मुदतीनंतरच्या पहिल्याच दिवशी सभागृहात सांगावीत.

चार, मुदतीआधी पद सोडणाऱ्या पीठासीन अधिकाऱ्यांना पुढच्या बैठकीत निवेदन करण्याची संधी नियमाने मिळावी. ते येऊ शकत नसतील तर त्यांचे लेखी निवेदन वाचून दाखवावे आणि त्यावर प्रत्येक पक्षाच्या एका सदस्याला बोलू द्यावे.

पाच, त्या वर्षी निवृत्त होणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव, पद आणि सेवेची वर्षे समारोपाच्या दिवशी वृत्तांताला जोडावीत. वाचून दाखवायला वेळ नसेल तर नुसती जोडली तरी चालेल.

१९२१ मध्ये सिमल्यात सुरू झालेल्या आपल्या परिषदेचे चौऱ्याऐंशीवे अधिवेशन जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या विधान भवनात भरले होते. तेथे काय ठरले हे मी वर्तमानपत्रांतून वाचले. पुढच्या अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर निरोपाच्या वेळच्या चार्ज यादीचा हा विषय घेतला जाईल की नाही, एवढे परिषदेच्या सचिवालयाने जाहीरपणे कळवावे, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रतिवेदक